ञचा रिकामा चौकोन

आत्या, कावळा लगेच शिवला.

तुझ्या मुलाने, दादाने पिंड ठेवला, दोन पावलं मागे सरकला आणि नदीकाठच्या बाभळीवरचा कावळा सरळ खाली उतरला. कुणाला काही कबूल करायला वेळच मिळाला नाही. "माईची काहीच इच्छा राह्यली नव्हती," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांचे चेहरे सैल झाले. मी बायकांच्या मागे उभी राहून एक वाक्य मनात जुळवत होते. कावळा अडला असता, दादाने विहिरीचं, तुझ्या नातीच्या, मुक्तीच्या शाळेचं सगळं कबूल करूनही तो आला नसता, तर मी पुढे होऊन सगळ्यांदेखत ते वाक्य बोलणार होते. दहा दिवस मी त्याचीच तयारी केली होती. पण तुझं काही मागणंच उरलं नव्हतं. उरलं होतं ते माझं सांगणं.

तुझं वय, तुझा आजार, मागे कोण कोण आहे, हे मी लिहीत नाही. ते गावाला माहीत आहे. मला तुझ्या जिभेबद्दल लिहायचं आहे.

तू हसनाबादची आणि आम्ही जालन्यात मस्तगडला. बाबा तुझे धाकटे भाऊ, ऑफिसात नोकरीला. त्यांनी मला इंग्लिश मीडियमला घातलं. मी सहावीत असताना तू एकदा एसटीने आलीस आणि घरी न जाता तशीच शाळेच्या फाटकाशी येऊन थांबलीस. हातात बोरांची पिशवी होती. सुटलेल्या मुलींना तू विचारलंस, "माय, ह्या इस्कूलात आमची पोरगी हाय, ती सुटली का?" त्या मुली आठवडाभर एकमेकींना 'इस्कूल' म्हणत होत्या आणि ती बाई माझी आत्या आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. मी त्याच दिवशी घरी आल्यावर तुला समोर बसवलं. "इस्कूल नाही गं आत्या. स्कूल. आधी स् म्हण." तू खरंच बसलीस. तीन वेळा प्रयत्न केलास. मग म्हणालीस, "न्हाई जमत माय. एकदम वरी पाय पडत न्हाई माझा. आधी पायरी लागती."

नंतर तू शाळेच्या फाटकाशी कधीच आली नाहीस. बोरं बाबांच्या हातून यायची.

त्या शाळेत मी एक गोष्ट फार चांगली शिकले. गप्प बसलं की उच्चार चुकत नाही. कॉलेज संपेपर्यंत मी तेच केलं आणि लोक मला शहाणी समजत राहिले.

मग बियाण्याच्या कंपनीत नोकरी लागली आणि एका पावसाळ्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दक्षिण अमेरिकेतून तीन पाहुणे कपाशीचे प्लॉट बघायला येणार होते. दोन स्पॅनिश बोलणारे, एक बाई ब्राझीलच्या, त्यांची भाषा पोर्तुगीज. साहेबांनी कॅसेटचे दोन संच माझ्यापुढे सरकवले. "तुझं इंग्लिश मीडियम आहे, तुला जमेल. स्वागत आणि क्रॉसिंगची माहिती, एवढंच बोलायचं आहे." साहेबांच्या मते इंग्रजीच्या पलीकडचं सगळं जग म्हणजे इंग्रजीचंच पुढचं पान होतं. मी नाही म्हणू शकले नाही. नाही म्हणायला बोलावं लागलं असतं.

प्लॉट कुणाच्या शेतात? दादाच्या. आणि तिथल्या पंधरा बायकांची मुकादम कोण? तू.

म्हणून दर रविवारी मी टेपरेकॉर्डर पोत्याच्या पिशवीत घालून हसनाबादला येऊ लागले. दुपार कलली की तुमचं काम सुरू व्हायचं. कपाशीच्या कळीत नर आणि मादी दोन्ही भाग असतात. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी ओळखायची, अंगठ्याच्या नखाने तिचं साल आणि नराचे पिवळे कण सोलून काढायचे, मधल्या नाजूक दांडीला धक्का लागू द्यायचा नाही आणि तिच्यावर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून दुसऱ्या वाणाचं फूल त्या दांडीवर घासायचं. मी बांधावर बसून टेप लावायचे आणि पुटपुटायचे. तुम्ही ओळीने पुढे जायचात. तुझ्या नखाखाली एक दांडी मोडलेली मी कधी पाहिली नाही.

पहिल्या रविवारी तू अर्ध्या ओळीतून ओरडलीस, "मॅडम, तो माणूस त म्हणून राह्यला आणि तू ट कामून म्हणतीस?"

मी टेप मागे घेतली. खरंच तो त म्हणत होता. इंग्रजीतला प्रत्येक टी आम्ही शाळेत ट म्हणूनच ठोकत आलो होतो, त्यामुळे माझ्या कानाला त ऐकूच आला नव्हता. मी रोमन लिपीत लिहून घेतलेलं वाचत होते आणि ती लिपी मला इंग्रजीकडे ओढत होती. तू पदराला हात पुसत आलीस, माझी वही पाहिलीस आणि म्हणालीस, "हे पुसून टाक. आपल्या अक्षरात लिव्ह. आपल्या अक्षरात जे लिव्हलं तेच बोलावं लागतं." तुझं शिक्षण चौथी. मला दोन आठवडे जे कळलं नव्हतं ते तुला एका वाक्यात कळलं होतं.

त्यानंतर जे घडत गेलं त्याने मी चकित होत राहिले. अजूनही आहे.

स्पॅनिशमधला तो लांब र. 'पेरो' म्हणजे पण आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. माझ्याकडून दोन्हींचा एकच शब्द व्हायचा, आणि पाहुण्यांसमोर 'पण' म्हणायला जाऊन कुत्रा निघेल अशी मला भीती होती. तू हसलीस. लहानपणी ज्वारीच्या राखणीला तू माळ्यावर उभी राहून पाखरं हाकायचीस, तो आवाज काढलास. हुर्र्र्र. पलीकडच्या लिंबावरून खरोखर साळुंक्या उडाल्या. "आता ह्यातलं हु काढ आणि पे लाव," तू म्हणालीस. ते तुझ्या शेजारच्या ओळीतल्या काशीबाईंना आधी जमलं, मला नंतर.

पुढच्या रविवारी पोर्तुगीजची कॅसेट लावली, तर ब्राझीलचा माणूस तोच र चक्क ह म्हणत होता. मी वैतागले. तुला त्यात काहीच नवल वाटलं नाही. "तुमच्या जालन्यात नाही म्हणतात, आमी न्हाई म्हणतो. चाळीस किलोमीटरमधी एवढा फरक. त्यांच्या मधी तं किती रान असंल."

कपाशीला ते 'अल्गोदाउँ' म्हणतात. शेवट नाकात न्यायचा, पण न किंवा म वर तोंड मिटायचं नाही. माझं तोंड मिटायचंच. तू म्हणालीस, "गाय वासराला कशी बोलावती? मोठ्यानं न्हाई. जवळ आल्यावर, हळूच." आणि तू तो आवाज काढलास, घशात सुरू होऊन नाकात विरत गेलेला. मग टेपमधल्या माणसाने 'अल्गोदाउँ' म्हटलं. दोन्ही एकच. पंधरा बायका हसत होत्या आणि माझ्या अंगावर काटा आला होता. जन्मात औरंगाबादच्या पुढे न गेलेल्या बाईच्या तोंडात हे सगळे आवाज आधीच कुठे ना कुठे कामाला लागलेले होते. पाखरांसाठी, गाईसाठी. तू नवीन काही शिकत नव्हतीस. नुसती ओळख पटवून घेत होतीस.

आणि मग तो दिवस. पोर्तुगीजच्या टेपमध्ये गावातल्या जागांची नावं होती. बाजार, दवाखाना. टेपमधल्या बाई म्हणाल्या, 'इस्कॉला'. मी बटण दाबून टेप थांबवली. पुन्हा लावली. इस्कॉला, म्हणजे शाळा. पुढचा शब्द 'इस्तासाउँ', म्हणजे स्टेशन. स्पॅनिशच्या कॅसेटवर शोधलं, तिथे 'एस्क्वेला', 'एस्तासिओन'. त्या दोन्ही भाषांमध्ये स ला जोडून दुसरं व्यंजन आलं तर त्याने शब्द सुरूच होत नाही. कितीतरी देशांमधल्या, इतक्या सगळ्या लोकांना आधी पायरी लागते.

मी वर पाहिलं. तू कळी सोलत होतीस. "त्यांनाबी लागती का गं?" एवढंच म्हणालीस. म्हणजे तुला ते फाटक आठवत होतं. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी टेप पुढे नेली.

आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं ते ञ वरून. मुक्ती तेव्हा नुकती अक्षरं गिरवायला लागली होती आणि तिच्यासाठी आणलेला मुळाक्षरांचा तक्ता तुझ्या ओसरीत टांगलेला होता. चमच्याचा च, छत्रीचा छ, जहाजाचा ज, झबल्याचा झ, आणि पुढे ञ. त्याच्या चौकोनात चित्रच नाही. नुसतं अक्षर. स्पॅनिशमध्ये उद्याला 'माञाना' म्हणतात आणि मी ते 'मानयाना' असं तोडून म्हणत होते. तू मला हाताला धरून त्या तक्त्यापुढे उभी केलीस. "हेच की हे. आमच्या गुरुजींनी घोकून घेतल्तं. जिभीचं टोक खालच्या दातामागं ठेव. आता मधलं अंग वरी लाव. हळू. कळी सोलल्यावाणी. आवाजाला दुखवू नको."

ञ. आला. मी आयुष्यात पहिल्यांदा ते अक्षर नीट उच्चारलं.

माञानाचा अर्थ सांगितल्यावर तू अजूनच खूश झालीस. त्यांच्याकडे उद्या आणि सकाळ या दोन्हींना तोच एक शब्द आहे. "मंग ही आपल्याच कामाची भाषा हाय. आज सोललेल्या कळीचं उद्या आणि सकाळ एकच असतं." मग पुन्हा तक्त्याकडे बघत म्हणालीस, "इतके दिवस बिचारं रिकामं बसून होतं. त्याला आता चित्र काढ."

"अगं, ञ ने सुरू होणारा शब्द नाही मराठीत."

"सुरवातीलाच कामून पाहिजे? मधी बसलं तं चालत न्हाई का?"

"तक्त्याचा नियम असतो."

"नियम कुणी केला? जहाज आमच्या गावात कोण्या साली आल्तं? तरी त्याचं चित्र हाय."

मी हरले होते, पण कबूल केलं नाही. नंतर दर रविवारी तू विचारायचीस, "निघालं का चित्र?" आणि मी म्हणायचे, "नियम नाही."

पाहुणे आले त्या दिवसाबद्दल आपण कधीच बोललो नाही.

आधी साहेब बोलले, मग मी. माझी वही आपल्या अक्षरांतली होती. स्पॅनिश बरं झालं. पोर्तुगीजमध्ये ते एक वाक्य होतं, ज्यावर आपण तीन रविवार घालवले होते. आज संध्याकाळी कळी सोलतो आणि उद्या सकाळी पराग लावतो. 'अमञाँ जी मञाँ', उद्या सकाळी. दोनदा ञ, दोनदा नाकातला शेवट. मी डोळे कळीवर ठेवले आणि तू शिकवलंस तसं म्हटलं. ब्राझीलच्या बाई चमकून माझ्याकडे वळल्या. त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग त्यांच्याच भाषेत सावकाश विचारलं, "केइँ ची एन्सिनो?"

तुला कोणी शिकवलं?

प्रश्न मला कळला. उत्तरही माहीत होतं. तू एका ओळीच्या अंतरावर उभी होतीस, हाताच्या ओंजळीत लाल टोप्या, नखं कळ्यांच्या चिकाने काळी. साहेब माझ्याकडे बघत होते. मी इंग्रजीत म्हणाले, "कॅसेट्स."

साहेब खूश झाले. "इंग्लिश मीडियमची आहे," त्यांनी पाहुण्यांना सांगितलं.

तुला त्यांच्या बोलण्यातलं बाकी काही समजलं नसेल. पण कॅसेट समजलं. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस, खाली वाकलीस आणि पुढच्या कळीवर टोपी घातलीस. संध्याकाळी मी निघताना भाकरीचं गाठोडं हातात देत म्हणालीस, "जल्दी जा. गाडी चुकंल." नेहमी म्हणायचीस तसंच. मला त्यात राग सापडला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर दोन कपाशी आल्या आणि गेल्या. मी कितीतरी वेळा हसनाबादला आले. तुझ्या दुखण्यात आले तेव्हा तर आपण दोघीच होतो खोलीत. तू डोळे मिटून पडली होतीस आणि मी तुझा हात धरून बसले होते. वाक्य ओठांपर्यंत यायचं आणि मी तुला विचारायचे, पाणी देऊ का. सहावीतली मुलगी आणि प्लॉटवरची मुलगी एकच होती, आत्या. दोन्ही वेळा तिला तू तिची आहेस हे सांगायचं नव्हतं. पहिल्या वेळी ती लहान होती. दुसऱ्या वेळी नव्हती.

काल कावळा शिवल्यावर सगळे घरी परतले. बायका ओसरीत बसल्या. काशीबाई आणि प्लॉटवरच्या आणखी सहा-सात जणी होत्या. तक्ता अजून तिथेच आहे, कडा दुमडलेला. मी पर्समधून पेन काढलं आणि ञच्या चौकोनात चित्र काढायला लागले. मला चित्र येत नाही. कळी काढली, तिच्यावर टोपी, आणि टोपी धरलेला एक अंगठा. खाली लिहिलं, 'मीञा चीआ'.

"काय लिहून राह्यलीस गं त्याच्यावर?" दादाने विचारलं. सगळ्या जणी वर बघायला लागल्या.

नदीवर न झालेलं ते तिथे झालं. माझा आवाज फार बारीक निघाला, पण निघाला. "पाहुणे आले होते, त्या बाईंनी मला विचारलं होतं, कोणी शिकवलं. मी कॅसेट म्हणाले. ते खोटं होतं. मला आत्यानं शिकवलं. त्यांच्या भाषेत हेच उत्तर होतं. मीञा चीआ. माझी आत्या. मला तेव्हाही येत होतं."

मग काशीबाईंनी तपकिरीची डबी मिटली.

"आमाला काय म्हाईत न्हाई का ते? आमी तवाच म्हणल्तो तिला, पोरीनं तुझं नाव घेतलं न्हाई म्हणून. तं म्हणली, भेली ती. आज न्हाई तं उद्या सांगंल."

मी तक्त्याकडे तोंड करून उभी राहिले. मागे वळता येईना.

"वाच तं एकदा काय लिव्हलं ते," काशीबाई म्हणाल्या.

"मीञा चीआ."

"मीञा चीआ," त्या म्हणाल्या. आणि आत्या, त्यांचा ञ असा आला, टाळूला अलगद लागून सुटलेला, जसा तो तू मला ह्याच तक्त्यापुढे शिकवला होतास. मागून दुसरीनेही म्हटलं, तिसरीनेही. सगळ्यांचा तसाच. मी वळून त्यांच्याकडे बघत राहिले.

"तुम्हाला हे कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"तू रविवारी येऊन जायचीस. मंग सोमवार ते शनवार कळ्या सोलता सोलता काय करायचं?" काशीबाई तक्त्यावरच्या अंगठ्याकडे बोट करत म्हणाल्या. "हिनंच की. अजून कोण?"